दोर ट्रॅक्टरला बांधला होता

दोराचं एक टोक माणसाच्या कमरेला बांधलं होतं आणि दुसरं ट्रॅक्टरच्या हुकाला. माणूस छातीभर पाण्यात. पाठीवर सिलेंडर, तोंडात हवेचा रेग्युलेटर. ट्रॅक्टर पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, इंजिन चालू. मी मोटारसायकल स्टँडला लावायलाही थांबलो नाही. तशीच आडवी टाकली आणि त्याला बाहेर निघ म्हणून सांगितलं. सांगितलं कसलं, चांगली कचकचीत शिवी दिली.

मी कमर्शियल डायव्हर होतो. म्हणजे पाण्याखालचा कामगार. वेल्डिंग, कटिंग, नटबोल्ट कसणं, पाइपलाइन तपासणं. उमर समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर गेली. सुपरव्हायझर म्हणून रिटायर झालो आणि नवेगाव बांधच्या बाजूला आपल्या गावी येऊन बसलो. गोंदिया जिल्ह्याचा माणूस समुद्रात कोणती नोकरी करत होता, हे गावात अजून कोणाला धड पटत नाही.

त्या सकाळी शेजारच्या गावच्या नामदेवभाऊंचा फोन आला. हे तिथल्या पाणी वापर संस्थेचे अध्यक्ष. तिथला तलाव यांच्याच पूर्वजांनी बांधलेला, त्यामुळे तलावाला काही झालं की यांचा जीव वरखाली होतो. म्हणाले, तुमच्यासारखाच एक जण आमच्या तलावात उतरून राहिला, पाहाले या. मी गंमत बघायला निघालो होतो.

भानगड अशी होती. पाळीखालून एक मोठा पाइप कालव्यात जातो. त्याच्या तलावाकडच्या तोंडावर लोखंडी गेट. पावसाळ्यात एक ओंडका वाहत आला आणि गेटखाली अडकला. गेट वीतभर उघडं राहिलं, पाळीवरचं चाक फिरवून फिरवून लोकांचे हात भरून आले तरी बंद होईना. धान कापणीला आलं होतं, पाणी कोणालाच नको होतं, आणि ते रात्रंदिवस कालव्यातून नाल्यात चाललं होतं. असंच चाललं असतं तर उन्हाळी धानाला थेंब उरला नसता. गाव घाबरलं होतं ते उगाच नाही.

ओंडका काढायचं काम गोंदियाच्या मनोजभाऊ ठेकेदारानं घेतलं होतं आणि त्यानं हा डायव्हर आणला होता. रोहित नाव, बत्तीस-तेहतीसचा, शहरात जिम चालवणारा. तब्येत बघून कोणीही म्हणेल की हा डोंगर हलवेल. मनोजभाऊनं मोठ्या ऐटीत त्याचं कार्ड माझ्या हातात ठेवलं. रेस्क्यू डायव्हर. अंदमानात केलेला कोर्स.

"बाकी काय?" मी विचारलं.

"बाकी क्या मतलब? जो आदमी लोगों को बचाता है, वो एक लकड़ी नहीं निकालेगा?"



आता वाचणाऱ्यांसाठी सांगतो. सुट्टीत बीचवर इन्स्ट्रक्टर तुमचा हात धरून मासे दाखवतो, त्याला ट्राय डाइव्ह म्हणतात. त्यातून कोणी डायव्हर होत नाही. पहिलं खरं कार्ड ओपन वॉटर. त्यावर सोबत्याला घेऊन अठरा मीटरपर्यंत जाता येतं. पुढचं अॅडव्हान्स्ड, तीस मीटर. त्यानंतर रेस्क्यू, म्हणजे पाण्यात घाबरलेल्या किंवा थकलेल्या सोबत्याला सांभाळणं. त्याच्याही वर डाइव्हमास्टर आणि इन्स्ट्रक्टर, टुरिस्टांना फिरवणारे आणि शिकवणारे. ही सगळी शिडी हौसेची. चांगली आहे, मेहनतीची आहे, पण ती कितीही चढलात तरी पाण्याखालच्या कामाचं लायसन्स हाती येत नाही. कामाची शिडीच वेगळी. तिथं हवा वरून नळीनं येते, डोक्यावर हेल्मेट, हेल्मेटात बोलायची वायर, वर सुपरव्हायझर, आणि दुसरा डायव्हर तयार होऊन बसलेला. कारचं लायसन्स आहे म्हणून कोणाला जेसीबीवर बसवतात काय?

रोहित बाहेर आला. पोरगा नम्र होता, शिवी त्यानं मनावर घेतली नाही. म्हणाला, "सर, मी अठ्ठावीस मीटर गेलोय. इथं तर पाच मीटरसुद्धा पाणी नाही."

इथंच सगळे फसतात. कार्डावर खोली लिहिलेली असते, म्हणून माणूस खोली मोजतो. पाच मीटर म्हटलं की हसतो. पण त्या तलावात धोका खोलीचा नव्हता. एका बाजूला भरलेला तलाव, दुसऱ्या बाजूला रिकामा पाइप आणि मध्ये वीतभर फट. सगळा तलाव त्या फटीतून पलीकडे जायला बघतो. फटीजवळ जे येईल, हात असो की पाय, त्याला तो सोबत घेऊन जातो. आमच्या धंद्यात याला डेल्टा-पी म्हणतात. पाण्याच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक. यात जीव गेलेल्या डायव्हरांना घाबरायलाही वेळ मिळालेला नाही. मी रोहितला विचारलं, हे ऐकलंय का कधी? त्यानं नकारार्थी मान हलवली. कोर्समध्ये नव्हतं म्हणाला. नसणारच, टुरिस्टाला गेटखाली कोण नेतो?

नामदेवभाऊंना काही हे पटेना. "जी, चिखलात फसलेला ट्रॅक्टर आमी ट्रॅक्टरनंच काढतो. अडकला तर मानूस निघनार नाही काऊन?"

बापरे! म्हणजे तो दोर त्यासाठी होता. मला आत्तापर्यंत वाटत होतं की बांधायला दुसरं काही नव्हतं म्हणून ट्रॅक्टर आणला. यांनी विचार करून आणला होता. माणूस फटीत अडकणार, आणि हे पहिला गिअर टाकणार.

भांडून उपयोग नव्हता. मी एक पोतं मागवलं. त्यात तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, ठासून भरली, बुडावं म्हणून चार दगड टाकले. रोहितच्या कमरेचा दोर सोडून पोत्याला बांधला आणि पोतं गेटच्या बाजूनं हळूहळू खाली सोडलं. आधी दोर सैल होता. मग हातातून असा सटकला की माझा तळहात सोलून निघाला. दोर ताठ. सहा जणांनी ओढून पाहिलं, पोतं तसूभर हललं नाही.

"आता ओढा ट्रॅक्टरनं," मी म्हणालो.

ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरनं गिअर टाकला. दोर करकरला, चाकांनी माती उडवली. मग एकदम झटका बसून ट्रॅक्टर पुढे पळाला आणि दोर पाण्यातून वर आला. दोराला अर्धं पोतं होतं. मधोमध फाटलेलं, तणीस लोंबत होती.

काय होणार ते मला माहीत होतं. बाकीच्यांना ते पोतं बघून कळलं. ड्रायव्हरनं कोणी न सांगता इंजिन बंद केलं. मनोजभाऊ पाळीवरच खाली बसला. नामदेवभाऊ रोहितकडे पाहत होते, पोत्याकडे पाहत होते, आणि नुसतं "अरे देवा, अरे देवा" करत होते. रोहितचा चेहरा पांढराफटक. त्यानं कमरेचा वजनाचा पट्टा काढायला घेतला, पण बकल काही त्याच्यानं सुटेना. ते मी सोडवलं.

मग मी नामदेवभाऊंना विचारलं, पाइपचं कालव्याकडचं तोंड बंद करता येईल काय? म्हणजे पाइप पाण्यानं भरेल, दोन्हीकडचा दाब सारखा होईल, ओढ संपेल. ते म्हणाले, तिथं फळ्यांच्या खाचा आहेत, जुन्या फळ्या पण आहेत, पण इतकं पानी वाहताना कोन बसवते? शेवटी सगळं गाव लागलं. एकेक फळी खाचेत ठोकली, मागे मातीची पोती रचली, त्यावर पुन्हा माती. दुपार कलली तेव्हा कालव्यात नुसती गळती उरली.

मी माझ्या जुन्या कंपनीतल्या दोस्ताला नागपूरला फोन लावत होतो. पूर्ण टीम घेऊन ये, गेटखाली ओंडका आहे, असं सांगत होतो. तेवढ्यात तलावाकडून ओरडा झाला. गेटपाशी बुडबुडे आले, आणि बुडबुड्यांमागून ओंडका वर आला. आपोआप. त्याला पाण्याच्या दाबानंच तिथं दाबून धरलं होतं, दाब गेला तसा तो तरंगला. मागोमाग उरलेलं अर्धं पोतं. नामदेवभाऊ धावत गेले, चाक फिरवलं आणि गेट बसलं.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मनोजभाऊ तेवढा पुटपुटला, "मतलब डायव्हर की जरूरत ही नहीं थी?"

रोहित माझ्या बाजूला उभा होता. म्हणाला, "सर, मी ओंडक्याला हात लावणार नव्हतो. पायानं ढकलणार होतो. पायात जोर जास्त असतो ना."

मी फोनवर दोस्ताला येऊ नको म्हणून सांगितलं. आमच्या धंद्यात कितीही मोठं सर्टिफिकेट असो, कामावर पोचल्यावर पहिला प्रश्न एकच विचारायचा असतो: माणूस उतरवल्याशिवाय हे काम होतं काय? त्या दिवशी ते होत होतं, आणि माणूस छातीभर पाण्यात जाऊन उभा होता.