पाव आटा जास्त

जन्मभर रिफायनरीत फिटर म्हणून पाना चालवलेल्या संपतरावांचा एकच मंत्र होता: नट घट्ट झाला असं वाटलं, की वर पाव आटा आणखी. बरं, हे कारखान्यापुरतं राहावं की नाही? घरातल्या लोणच्याच्या बरण्यासुद्धा ते अशा आवळायचे, की उघडायला पुन्हा त्यांनाच बोलवावं लागे. आणि हा गृहस्थ निवृत्तीनंतर गिटार शिकायला निघाला. म्हातारपणी चळ लागतो तो असा, हे ते स्वतःच आपल्या कारेलीबाग वस्तीत भेटेल त्याला सांगत.

कारण मात्र साधं होतं. बायकोची, निरुपमाची साठी जवळ आली होती. लग्नाआधी ती छान गायची. रात्रपाळीच्या माणसाला दिवसा झोप हवी, म्हणून या घरात तिचं गाणं बंद पडलं ते पडलंच. तिच्या आवडीचं एक भावगीत तिला वाजवून दाखवायचं, एवढंच संपतरावांना हवं होतं.

शिकवणारी मोहना त्यांच्या मुलीच्या वयाची. "काका, हाथ ढीलो राखो," ती रोज गुजरातीत बजावे. "हात सैल. तारेवर बोट नुसतं टेकवा. स्वच्छ आवाज आला की तिथेच थांबा." संपतराव मान डोलवत आणि पुढच्याच सुराला गिटारचा गळा धरत, जणू सोडला तर गॅस गळेल. बोटांवर वळ, अंगठ्यात गोळा, खांदे कानांपर्यंत. पालथ्या घड्यावर पाणी नुसतं. "सुरात नसेल, पण ताकदीत वर्गात पहिला आहे मी," ते म्हणत.

साठीच्या दिवशी दांडिया बाजारातली सासुरवाडी घरी जमली. संपतराव ऐटीत बसले. पहिली ओळ कशीबशी वाजली. दुसरीला डाव्या हाताची बोटं अशी आखडली, की गिटार सुटेना. हात दाखवून अवलक्षण. "दाजी, पाना आणू का?" मेहुणा हंबीरराव म्हणाला. सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं संपतराव हसले, पण आतून त्यांना रडू येत होतं.

निरुपमा उठली. चारचौघांत नवऱ्याला कधी हात न लावलेली ती बाई त्यांच्याशेजारी बसली, एकेक बोट सोडवून तळहात चोळू लागली. चोळता चोळता तेच गाणं गुणगुणू लागली. आवाज कापत होता, सवय मोडली होती.

ती मध्येच थांबली. "अहो, सैल झालाय हात. वाजवा आता."

"राहू दे," संपतराव म्हणाले. "तू म्हण पुढे. मी जागा आहे."