रंगारीचाचांचा थेंब

पृष्ठताण आणि केशिकत्व हे दोन धडे मी जळगावच्या एका कॉलेजात बावीस वर्षं शिकवत आलो आहे. तरीही काही वर्षांपूर्वी एका रविवारी, पलंगावर बसून शेवभाजी खाताना तर्रीचा ओघळ बायकोच्या रेशमी साडीवर पडला, तेव्हा मी तांब्याभर पाणी आणलं आणि तो डाग चोळला. साडी तिच्या आईची, अंजिरी रंगाची. आई जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. पुढच्या आठवड्यात पाचोऱ्याला भाचीच्या लग्नात नेसायची म्हणून तिनं ती पलंगाच्या कडेला वाऱ्याला पसरून ठेवली होती आणि स्वतः भाजी आणायला गेली होती. पाणी सुकलं तेव्हा रुपयाएवढा डाग ताटलीएवढा झाला होता आणि त्याला चांगली गडद कड आली होती. पाणी सुतासुतातून बाहेर सरकतं आणि मळ काठावर नेऊन टाकतं, हे मी मुलांना फळ्यावर काढून दाखवतो. त्या दिवशी ते साडीवर काढून दाखवलं.

बायको यायच्या आत साडीची घडी पिशवीत गेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ‘धुळ्याला जरा काम आहे’ असं सांगून मी एसटीत बसलो. पारोळा येईपर्यंत पिशवी मांडीवर अशी धरली होती की शेजारच्या बाईंनी विचारलं, आत काही जिवंत आहे का.

धुळ्यात माझं लहानपण गेलं, आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी रंगारीचाचांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक ओटा, दोन तांब्याची पातेली आणि वर दोऱ्या. त्यांचं नाव कुणी घेतलं नाही. कित्येकांना ते ठाऊकच नव्हतं. कुणीही कापड आणलं की चाचा आधी त्याच्याशी बोलल्याशिवाय रंगाला हात लावत नसत. बोलणं म्हणजे काय, तर बोट पाण्यात बुडवून एक थेंब कापडावर सोडायचा आणि मान वाकडी करून बघत बसायचं. थेंब मण्यासारखा उभा राहिला की कापड परत. “अजून खळ शे यामा. तहान नही लागनी त्याले.” आईची ओढणी घेऊन मी असा तीनदा परत आलो होतो, आणि तिन्ही वेळा आईनं चाचांऐवजी मलाच झापलं होतं.

त्यांचं सगळं शास्त्र दोन ओढींचं होतं. ते म्हणत, “पाण्याला पाण्याची ओढ असते, तशी सुताचीही असते. कुणाची ओढ जास्त, तेवढं बघायचं. बाकी रंग काय, तो पाण्याच्या मागे मागे जातो.” मी मास्तर झाल्यावर मोठ्या ऐटीत त्यांना सांगायला गेलो की चाचा, पाण्याचे रेणू एकमेकांना ओढून धरतात, म्हणून थेंब गोल राहतो, याला पृष्ठताण म्हणतात. त्यांनी ऐकून घेतलं. “असं का,” म्हणाले. “मग सांग त्याले, आज तीन साड्या शेतस, जरा दमानं घे.”

त्या सोमवारी गेलो तेव्हा पातेली पालथी पडली होती. हव्या त्या रंगाचं कापड तयार मिळू लागल्यावर रंगवायला कोण येणार? ओट्यावर सून फॉल-पिकोचं मशीन चालवत होती आणि चाचा बाजूला स्टुलावर बसले होते. मी साडी उलगडली. त्यांनी डाग पाहिला, कड पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

“पाणी लावलं?”

“हो.”

“मधूनच चोळलं?”

“हो.”

“हाई शिकाडस तू पोरेसले?”

सून मशीनवर वाकली. ती हसतेय हे मला पाठीवरून कळलं.

चाचा म्हणाले, जिथं जिथं ओलं आणि कोरडं भेटेल तिथं नवी कड येणार. म्हणून बठ्ठी, म्हणजे अख्खी साडी एकदम, सारखी ओली करावी लागेल. मी म्हटलं, करा, आजच करा. ते साडी हातावरून सरकवत पदरापर्यंत गेले आणि थांबले. पदराच्या आतल्या बाजूला दोन फिकट पिवळट ठसे होते, बोटांचे. मला ते कधी दिसलेच नव्हते.

“हाऊ डाग कोना शे?”

“माहीत नाही. तोही काढून टाका.”

चाचांनी साडीची घडी घातली आणि माझ्या हातात दिली. “जुना शे. कोणीतरी ठेयेल शे. घरमा इचारी ये, मास्तर.” मी विनवलं, लग्न चार दिवसांवर आहे म्हणालो. ते चहा प्यायला लागले. परतीच्या एसटीत मला बायकोला काय सांगायचं याची सहा वाक्यं सुचली, आणि सहाही खोटी होती.

घरी मी साडी तिच्यापुढे ठेवली. तिनं घडी उलगडली.

“कुठे बसून खात होतात?”

“पलंगावर.”

“आणि पाणी?”

“मीच लावलं.”

मग मी पदरावरचे ठसे दाखवून चाचांचा प्रश्न विचारला. तिनं पदर ओढून घेतला. “माझ्या हळदीला आई हीच नेसली होती,” ती म्हणाली. “मला हळद लावली आणि त्याच हातानं पदर धरून डोळे पुसले. मी मुद्दाम धुतली नाही कधी.”

दुसऱ्या दिवशी ती स्वतः माझ्याबरोबर आली. चाचांनी तिचं ऐकलं, “बस बेटी” म्हणाले आणि सुनेकडून दोरा मागवला. दोरा मेणात बुडवला. ठशांचा तेवढा भाग चिमटीत धरून, बांधणीची गाठ मारतात तसा तो मुळाशी आवळून बांधला, आणि वरूनही मेणकापड गुंडाळलं. मग बोट बुडवून गाठीवर एक थेंब सोडला. थेंब क्षणभर थरथरला आणि घरंगळून खाली गेला. “आता इथं पाण्याला कुणी आत ओढणार नाही,” ते म्हणाले.

तेलावर मुलतानी माती बसली, तिनं तेल ओढून घेतलं. मग अख्खी साडी रिठ्याच्या पाण्यात गेली आणि सावलीत आडवी सुकली. गाठ चाचांनी स्वतःच कापली. बोटांचे दोन्ही ठसे जागेवर होते. बायकोनं त्यांवर हात ठेवला. चाचांनी तोंड फिरवून पातेली सरळ केली, जणू उद्या गिऱ्हाईक येणार होतं.

मागच्या हिवाळ्यात चाचा गेले. आम्ही दोघं धुळ्याला त्यांच्या घरी जाऊन आलो. परत आल्यावर बायकोनं ती साडी काढून खिडकीपाशी धरली आणि कितीतरी वेळ निरखत राहिली.

“कुठे होता हो तुमचा डाग?”

मी अंदाजानं एक जागा दाखवली, मग दुसरी. खरं म्हणजे मलाही सापडेना. तिनं दोन्हीकडे बोट फिरवून पाहिलं.

“थोडी कड तरी ठेवायला सांगायचं होतं त्यांना,” ती म्हणाली.