माझ्या अंगठ्यातला जंतू

आमच्या धाकट्या जावेच्या मुलीइतका घाणीचा सोस असलेलं माणूस मी जन्मात पाहिलेलं नाही, आणि माझा जन्म मासे विकण्यात आणि सुकवण्यात गेला आहे. ती पुण्याला प्रयोगशाळेत असते. जंतूंवर गोळ्या का चालेनाशा झाल्या, हे शोधणं तिचं काम. त्यासाठी जंतूच्या पोटात लिहिलेलं सगळं वाचावं लागतं म्हणे. मी चौथीपर्यंत शिकलेली. मला माणसाच्या पोटातलं कळत नाही, तिथे जंतूच्या पोटातलं काय कळणार.

मुली माहेरी येतात त्या मिठाई घेऊन. ही येते ती थर्माकोलचा रिकामा डबा घेऊन, आणि जाताना तो भरून नेते. लोकांना वाटतं, पापलेट नेतेय. आत असतो बंदरावरच्या गटाराचा गाळ, कोलंबीच्या तलावातलं पाणी, आमच्या बदकांची शीट. एकदा वाळत टाकलेल्या बोंबलांखाली ओणवी होऊन कापसाची काडी मातीत फिरवत होती. शेजारच्या पारूने विचारलं, "काय हरवलं गो?"

"हरवलं नाही मावशी, सापडलंय," ही म्हणाली. तोंड असं फुललेलं, जसा मातीत दागिनाच मिळाला.

तिला अलिबागेतल्या एका वकिलाचं स्थळ आलं होतं. मुलगा चांगला, फक्त नाक ओढत होता. हिने चहाचा कप पुढे केला आणि विचारलं, "सर्दीवर काय घेताय?" त्याने गोळीचं नाव सांगितलं. "पूर्ण घेतल्या?" तो म्हणाला, "नाही, जरा बरं वाटलं, सोडल्या." मग हिने त्याला जे ऐकवलं, ते कोर्टात आरोपीलाही कुणी ऐकवत नसेल. स्थळ चहा अर्धा टाकून गेलं. जाऊ रडत बसली.

मी म्हटलं, "तुला नवरा पायजे का पेशंट?"

"काकी, अर्धवट गोळ्या खाणारा माणूस होता तो."

"दारू पिणारा तर नव्हता?"

"दारू परवडली," ती म्हणाली.

आमच्या आळीत उरलेल्या गोळ्या फेकायची रीत नाही. शेजारणीकडून विरजण आणावं तशा त्या आणतो. त्यावरून ही दर खेपेला आमच्याशी भांडते आणि आम्ही दर खेपेला हो म्हणतो.

मागच्या हंगामात शिंगाळा मासा निवडताना त्याचा काटा माझ्या उजव्या अंगठ्याच्या बुडात घुसला. पारूकडच्या गोळ्या घेतल्या, मग दुकानातल्या. अंगठा वांग्यासारखा झाला. अलिबागेला डॉक्टरांनी दाखल करून सलाईन लावलं, तरी उतार पडेना. शेवटी म्हणाले, "आजी, असंच चढत राहिलं तर अंगठा काढावा लागेल." उजवा अंगठा गेला की कोयता धरता येत नाही. कोयता न धरणारी कोळीण म्हणजे सुनेच्या ओट्यावर बसून लसूण सोलणारी म्हातारी. आणि लसूणही अंगठ्यावाचून सोलता येत नाही.

पुण्याहून ही धावत आली. मला वाटलं, निदान कपाळाला हात लावून बघेल. ती म्हणाली, "काकी, जरा पू दे."

डॉक्टरांना विचारून तिने पू घेतला, बर्फात ठेवला आणि निघालीसुद्धा.

"अगो, मी हितं मरते हाय न् तू चाललीस?"

"मरू नकोस. फोन करते."

आणि मांडीवर सुरमई न्यावी तसा माझा पू घेऊन एसटीने गेली. मी अंगठ्याकडे बघत पडून राहिले. तिला शिव्या देत होते, तेवढाच विरंगुळा. मग तिचा फोन आला, तोही डॉक्टरांना. चाललेल्या औषधातलं एकही ह्या जंतूला लागणार नाही, एक जुनं इंजेक्शन लागेल, पण मूत्रपिंडावर लक्ष ठेवा, असं काहीसं सांगितलं. डॉक्टरांनी आधी तोंड वाकडं केलं, मग इंजेक्शन दिलं. सूज उतरत गेली. अंगठा जरा वाकडा राहिला, पण कोयता धरतो.

नंतर तिने मला समजावलं, "तुम्ही बायका गोळ्या एकमेकींना देता ना, तसे जंतू त्या गोळ्या चुकवायच्या युक्त्या एकमेकांना देतात."

"म्हंजे शेजारधर्म त्यांच्यातपण हाय," मी म्हटलं. तिला हसू आलं नाही. असल्या बाबतीत तिला हसू येतच नाही.

परवा ती निरोप घ्यायला आली. परदेशात काम मिळालंय, काही वर्षं तिकडेच. म्हणाली, "काकी, तुझा जंतू फ्रीजरमध्ये ठेवलाय. कितीही वर्षांनी काढला तरी जागा होईल."

"माझा अंगठा सडवणारा सांभाळून ठेवलास? फेकून दे."

"नवीन औषध निघालं की त्याच्यावर करून बघायचंय. मग तुला सांगेन."

"तवा मी कुठं असणार?"

तिने माझा अंगठा धरला, वाकवला, सरळ केला, पुन्हा वाकवला. टोपलीत कोलंबी सोलायची पडली होती आणि ऊन चढत होतं. मी हात काढून घेतला नाही.