मुकी लाट

आमच्या स्केव्हॉसचा आवाज एवढा मोठा होता की बंदरात उभा राहून तो वरच्या गावातल्या बेकरीवाल्याला दोन पाव ठेवायला सांगायचा, आणि बेकरीवाला ठेवायचा. मी त्याची धाकटी बहीण, अनेझिना. त्या आवाजाने माझे कान किटले होते. आमच्या घरात कुजबूज अशी कधी झालीच नाही. आई म्हणायची, देवाने या पोराला घसा देताना मापच घेतलं नाही.

बाप पाणबुड्या होता, समुद्राच्या तळावरून स्पंज काढायचा. आमच्या ग्रीक बेटावरचे निम्मे पुरुष तेच करायचे आणि त्यातले बरेच पुढे खोल पाण्याने पाय लुळे होऊन काठी टेकत चालायचे. स्केव्हॉसही सोळाव्या वर्षी पाण्यात उतरला. पुढे स्पंजवर रोग पडला, धंदा बसला आणि पाहुणे यायला लागले. मग त्याने बापाच्या लाकडी बोटीला निळा रंग दिला, बाकं ठोकली, वर कापडी छत ताणलं आणि किनाऱ्याकिनाऱ्याने लोकांना फिरवायला लागला. एका फेरीला आठ माणसं. नववा कितीही गयावया करो, त्याला धक्क्यावरच ठेवायचा. मोठ्या बोटीवाले शंभर-शंभर माणसं कोंबून न्यायचे आणि याला हसायचे. हा म्हणायचा, आठ डोक्यांवर माझी नजर राहते, नववं डोकं समुद्राचं.

सत्तावन्नाव्या वर्षी त्याच्या घशात गाठ निघाली. सिगारेटी काय थोड्या ओढल्या होत्या? अथेन्सच्या डॉक्टरांनी जीव वाचवला, पण आवाजाची पेटी काढून टाकली. मानेला पुढून एक भोक ठेवलं, श्वास तिथूनच. त्यावर तो सुती रुमाल बांधायचा. डॉक्टरने एकच गोष्ट तीनतीनदा बजावली होती: या भोकात पाणी जाता कामा नये. आंघोळसुद्धा छातीपर्यंत. पाणबुड्याचा पोर, आणि समुद्र त्याला कमरेपर्यंतच राहिला. मी तेव्हा ऑस्ट्रेलियात, डार्विनला, एका हॉटेलात अकरा वर्षं भांडी घासत होते. वहिनीने, थेमेलिनाने, फोनवर एवढंच सांगितलं की तो खिडकीत बसून बोटीकडे बघत राहतो आणि जेवत नाही. मी आले.

बंदर कचेरी त्याला बोट चालवू देईना. वायरलेसवर कोण बोलणार, बुडणाऱ्याला हाक कोण मारणार? त्यांचं चुकत नव्हतं. शेवटी मी जाऊन भांडले. तिथे आमच्याच आळीतला मिकेस अधिकारी होता, त्याचं नाक मी तो लहान असताना पुसलेलं. त्याने कागद केला: बोटीवर सतत एक बोलणारं माणूस पाहिजे, आणि प्रवासी पाण्यात असताना त्या माणसाने बोटीवरून हलायचं नाही. ते बोलणारं माणूस म्हणजे मी. मी हसत हसत सही केली. म्हटलं, बाबा रे, मला गप्प बसवायचा कागद आजवर कुणी केला नाही, बोलायचा मात्र झाला.

चार उन्हाळे बरे गेले. तो सुकाणूवर, गळ्यात लहान पाटी आणि खडू. मी पुढे, इंग्रजीत बडबड करत. लाल कडे, बकऱ्यांची खाडी, सील प्राण्यांची गुहा, मग जेवण. पण माझ्या मनात एक काटा होता. आमच्याकडे नाही म्हणायचं तर भुवया उचलतात आणि मान मागे टाकतात, जन्मापासून. तोंडाने ‘नाही’ म्हणायची गरजच पडत नाही. आणि परदेशी माणसाला ती मान म्हणजे ‘हो’ वाटते, किंवा ‘जा, जा पुढे’. आवाज होता तेव्हा स्केव्हॉसची मान काहीही करो, त्याची डरकाळी ऐकून माणूस जागच्या जागी थिजायचा. आता मान तेवढी उरली होती. दुसऱ्या उन्हाळ्यात एका जर्मन म्हाताऱ्याने बाकाकडे बोट दाखवून विचारलं, बसू का? बाकाला त्याच सकाळी रंग लावलेला. स्केव्हॉसने मान मागे टाकली. म्हातारा आभार मानून बसला आणि निळ्या पार्श्वभागाने घरी गेला.

सगळे हसले, मीही. संध्याकाळी मी त्याला म्हटलं, तर्जनी हलवून नाही म्हणायला शीक, तोंडासमोर, असं. त्याने चार-पाच वेळा करून दाखवलं आणि मग पाटीवर लिहिलं: ‘साठ वर्षांची मान आहे. कुणाला विचारून हलत नाही.’ मी पुन्हा विषय काढला नाही. कॉफीच्या दुकानातले म्हातारे मात्र गप्प बसणारे नव्हते. मुका कप्तान आणि बडबडी बाई, म्हणाले, एक दिवस दोघांपैकी एकाची गरज पडेल आणि नेमकं दुसरं हजर असेल. मी त्यांना चांगलं झाडलं. पण घरी येऊन ते वाक्य डोक्यातून जाईना.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातला मंगळवार. मंगळवारी आम्ही लग्न लावत नाही की नवं काम काढत नाही, पण पाहुण्यांचे दिवस भरत आलेले असतात, त्यांना मंगळवार-बुधवार कसला. थेमेलिना दारात उभी राहून म्हणाली, आज राहू दे. का, ते तिलाही सांगता आलं नाही. वारा नव्हता. समुद्र तेल ओतल्यासारखा. पण बंदरात बांधलेल्या बोटी आपोआप वर जात होत्या आणि खाली येत होत्या, सावकाश, आणि दोरखंड करकरत होते. दूर दक्षिणेला कुठेतरी वादळ झालं की ही लाट येते. फेस नाही, आवाज नाही. आम्ही तिला मुकी लाट म्हणतो. उघड्या पाण्यात ती काहीच करत नाही. अडचणीच्या जागेत शिरली की मग कळते.

आठ माणसं होती. एकटी आलेली एक डॅनिश बाई होती, किर्स्टेन, पन्नाशीची, शाळेत शिकवणारी. पोहायची अशी की बघत राहावं. सकाळपासून तिने मला दोनदा सीलच्या गुहेबद्दल विचारलं. मी रंगवून सांगितलं, आत पाणी कसं निळं दिसतं, उन्हाची तिरीप कशी येते. जिभेला हाड नसतं ते असं.

गुहेच्या अलीकडच्या खाडीत स्केव्हॉसने नांगर टाकला, पण इंजिन बंद केलं नाही. लाट बोटीला कड्याकडे ओढत होती. त्याने पाटी माझ्यासमोर धरली: ‘अर्धा तास. मुकी लाट. गुहा नाही.’ मी लोकांना अर्धा तास सांगितला. गुहेचं सांगायला तोंड उघडलं तोवर चारजणांनी उड्या मारल्या होत्या. म्हटलं, जो विचारेल त्याला सांगू.

खाडीच्या डाव्या खडकांवर काटेरी गोळे लागतात, कवचातले समुद्री जीव. फोडले की आत केशरी अंडी, लिंबू पिळून पावाबरोबर खायची. स्केव्हॉसचा त्यावर जीव. ऑपरेशननंतर त्याला अन्नाचा वास येत नव्हता, पण ही समुद्राची चव तेवढी लागते, असं त्याने एकदा लिहिलं होतं. दहा मिनिटांचं काम. सातजण त्या खडकांजवळच उथळ पाण्यात डुंबत होते. मी टोपली घेतली आणि शिडीवरून उतरले. त्याने माझ्याकडे पाहून पाटीवर टकटक केलं. मी हात हलवून म्हटलं, आले, आले.

तिसरा की चौथा गोळा काढत होते, तेव्हा मान वर केली. किर्स्टेन एकटीच बोटीच्या पुढच्या टोकाशी, गुहेच्या बाजूला होती. पाण्यातून तिने एक हात काढला, गुहेकडे दाखवला आणि तोंड वर करून स्केव्हॉसला काहीतरी विचारलं. इंजिनाच्या आवाजात शब्द मला ऐकू आले नाहीत, पण काय विचारलं ते कळलं. स्केव्हॉसने मान मागे टाकली. भुवया वर. स्पष्ट नाही.

मी ती मान माझ्या या डोळ्यांनी पाहिली. चार वर्षं जो काटा मनात होता तो त्या क्षणी एवढासाही टोचला नाही. मला वाटलं, झालं, त्याने नाही म्हटलं. मी निर्धास्त होऊन परत खाली वाकले.

भोंगा वाजला तेव्हा वर पाहिलं. तो भोंगा दाबतच होता, सोडत नव्हता. पाण्यात बाई नव्हती. गुहेचं तोंड पाणी गिळत होतं आणि ओकत होतं, आणि दर खेपेला वरची मोकळी फट लहान होत होती. मी ओरडले, घसा फाटेस्तोवर ओरडले, पण कुठून? दोनशे हातांवरून, खाडीच्या उलट्या अंगाने. तेच मी बोटीवर असते तर एका हाकेत ती वळली असती.

त्याने सुकाणू बांधलं. दोरी बांधलेली तरंगती रबरी रिंग घेतली. गळ्यातली पाटी काढून बाकावर ठेवली, रुमाल घट्ट केला आणि डावा तळवा मानेवर दाबून शिडीने पाण्यात उतरला. मी टोपली टाकली आणि पाण्यात धावले, पडले, पुन्हा उठले. पाण्यात उतरलो तर काय होईल, ते त्याला कळलं नव्हतं असं नाही. एकदा त्याने माझ्याकडे पाहिलं. मग एका हाताने पाणी मारत आत गेला.

किर्स्टेन रिंगमध्ये अडकलेली बाहेर आली. दोन पाहुण्यांनी बोटीवर चढून दोरी ओढली होती. तिचे दोन्ही हात खडकांनी सोललेले. लाटेने तिला आतल्या कपारीत कोंबलं होतं, असं ती नंतर म्हणाली. कप्तानाने रिंग तिच्या डोक्यावरून घातली आणि तिला उपसून बाहेर ढकललं. दोन्ही हातांनी ढकललं.

त्याला बाहेर काढलं तेव्हा लाट उतरली होती. तो होता तिथे पाणी मला छातीपर्यंत होतं.

दुसऱ्या दिवशी बंदर कचेरीत मिकेस समोर कागद घेऊन बसला होता. मी काळ्या कपड्यांत. शेजारी किर्स्टेन, दोन्ही हातांना पट्ट्या. ती जशी घडली तशी हकिगत सांगत होती, एक शब्द खोटा नाही. म्हणाली, मी कप्तानांना विचारलं, आत जाऊ का, आणि ते हो म्हणाले. मिकेसने विचारलं, हो कसं म्हणाले? तिने करून दाखवलं. भुवया उचलल्या आणि मान मागे टाकली.

मिकेसचं पेन थांबलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग आमच्या भाषेत, हळू आवाजात म्हणाला, “मावशी, हे असंच लिहिलं तर कप्तानाने तिला आत पाठवलं असं होतं. तिला मी सांगू का, की तू सांगतेस?”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्याने जन्मात नववा माणूस बोटीत घेतला नाही, त्याच्या नावावर हे? मला त्या बाईला खांद्याला धरून हलवावंसं वाटलं. तो नाही म्हणाला होता, नाही, नाही, आणि तू हसून आत गेलीस, माझा भाऊ तू घेतलास. सगळं जिभेवर आलं होतं. ती माझ्याकडे वळली. रडून रडून तिचा चेहरा सुजला होता. म्हणाली, “त्यांना समुद्र एवढा कळत होता. मग हो का म्हणाले?”

मी सांगितलं. हळू सांगितलं, आवाज न चढवता, तिला कळेल अशा इंग्रजीत. आमच्याकडे ती मान म्हणजे नाही. तिला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा तिने पट्टी बांधलेला हात तोंडावर नेला आणि त्याच्याआडून नुसता श्वास येत राहिला. एवढ्यावर मला थांबता आलं असतं. स्केव्हॉसचं नाव धुऊन निघालं होतं. मिकेसने सुटकेचा श्वास टाकून पेन उचललं होतं. आणि ती बाई तो नकार कोपनहेगनला घेऊन जाणार होती, मरेपर्यंत उशाशी ठेवायला.

मी म्हटलं, “थांब. ते शब्दांत सांगायचं काम माझं होतं. गुहा बंद आहे, हे त्याने मला लिहून दाखवलं होतं. मी कुणालाच सांगितलं नाही. ही विचारत होती तेव्हा मी बोटीवर नव्हते. खडकावर काटेरी गोळे काढत होते.”

मी ते आधी इंग्रजीत सांगितलं, मग आमच्या भाषेत. मिकेसने पेन खाली ठेवलं. बोटीवरून न हलण्याची ती अट त्याच्याच हाताने लिहिलेली, खाली माझी सही.

“मावशी,” तो म्हणाला, “हे तुला कुणी विचारलेलं नाही. मी ऐकलं नाही असं समज.”

“लिही,” मी म्हटलं. “आधी ते लिही.”