तुळशीखालचं झाकण

सेतुमाधवला परसात खोली बांधायची होती, आणि त्यात कोणी आडवं आलेलं त्याला चालणार नव्हतं. बायको अंबुजा गुडघ्यांमुळे गणपतीपासून माडीवरून उतरली नव्हती. तिला खाली एक खोली, लागून मोरी-संडास, एवढंच. चेन्नईजवळ गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात स्टोअर सांभाळून निवृत्त झालेला हा माणूस. घराची जागा आजोबांनी तंजावर सोडून आल्यावर घेतलेली. इंजिनिअरला विचारणं त्याला कमीपणाचं वाटलं.

पाया खणताना वेंकट मेस्त्रीची पहार खण्णकन वाजली. खाली चिनी मातीचा जुना पाईप. मागच्या घरातल्या श्रीरंजनीचं सांडपाणी याच परसाखालून रस्त्याकडे जात होतं.

"जागा माझी. घाल वरून काँक्रीट."

"घालतो, सार. पण तुंबला तर उघडायचा कुठून? झाकण कुठंय?"

माडीच्या खिडकीतून अंबुजा म्हणाली, "तुळशीखाली. पोरं त्यावर उड्या मारायची म्हणून सासूबाईंनी वृंदावन ठेवलं."

"गटारावर तुळस? आणि हे आज सांगतेस?"

"आज विचारलंत."

वेंकट वृंदावनाला हात लावायला गेला, तशी ती पुन्हा बोलली. "लग्न लागल्याशिवाय तुळस हलवायची नाही. द्वादशी होऊ दे."

"मग तोवर बस वर."

"बसते की."

काम थांबलं. वेंकट शोळिंगनल्लूरला दुसऱ्या कामावर गेला. सेतुमाधव रोज अर्धवट खड्ड्याकडे बघून चिडे, कारण कार्तिकातच चेन्नईचा खरा पाऊस. आणि तो आलाच. पहारीनं पाईपाचा सांधा फुटला होता; खड्ड्यातली माती धुपून आत गेली, पाईप बुजला.

श्रीरंजनी भिंतीवरून ओरडली, "सेतु सार, संडासातलं पाणी माझ्या स्वयंपाकघरात आलंय. तुमची खोली होईपर्यंत आम्ही काय खायचं नाही?"

तिला काहीतरी सुनवावं म्हणून तो परसात उतरला आणि थांबला. वृंदावनाच्या बुडातून काळं पाणी उकळल्यासारखं वर येत होतं. त्यानं स्वतः काढलेल्या खोलीच्या नकाशात अंबुजाची खाट नेमकी तिथं होती. तो वर खिडकीकडे बघत राहिला.

"काय बघताय? लग्न लावा आणि उचला," अंबुजा म्हणाली.

"द्वादशी?"

"पाऊस आहे हे देवाला दिसतंय."

तिनं खिडकीतून मंगलाष्टकं म्हटली, अक्षता टाकल्या. निम्म्या वाऱ्यानं नेल्या. घाण पाण्यात उभा राहून सेतुमाधव तुळशीवर छत्री धरून होता. श्रीरंजनीनं भिंतीवरून विचारलं, "जेवण आहे का, सार?" तो पहिल्यांदाच हसला. मग दोन्ही घरच्यांनी मिळून वृंदावन ओढलं, झाकण उघडलं, बांबूनं माती सैल केली. पाणी गडगडत रस्त्याकडे गेलं.

पाऊस उघडल्यावर वेंकट परत आला. सेतुमाधवनं फुटका पाईप आधी बदलायला लावला आणि झाकण बाहेर राहील अशी भिंतीची आखणी स्वतः दोरी धरून आत घेतली. खोली अरुंद झाली. खाट मावली, कपाट माडीवरच राहिलं.

पोंगलच्या सकाळी अंबुजा कठडा धरून, पायरीपायरीवर दम खात उतरली. खोली बघून म्हणाली, "रेल्वेचा डबाच बांधलात."

"तुझ्या खाटेखाली गटार नको म्हणून."

ती दारापाशी बसली. तुळस आता दाराजवळ होती, झाकण पलीकडे उघड्यावर. तिनं रांगोळी मागवून तुळशीपुढे काढली. श्रीरंजनी जाईची कुंडी घेऊन आली आणि रिकामी जागा बघून झाकणावर टेकवायला वाकली.

"ए, तिथं नाही," सेतुमाधव खेकसला.