रिकामा डबा

बुकित तिमाहच्या आमच्या काँडोत शेजारी राहणारी चिनी आंटी लुथरन आहे. रविवारी चर्चहून आली की ती पंदानच्या सुवासिक पानांच्या हिरव्या केकचा डबा माझ्या हातात ठेवते आणि थँक्यू ऐकायलाही थांबत नाही. डबा रिकामा परत करायचा नाही, ही आईची शिस्त. म्हणून मी चकल्या भरून द्यायचे. एकदा ती वैतागलीच.

"दर वेळी फेडतेस कशाला?"

मग म्हणाली, पाचशे वर्षांपूर्वी जर्मनीतला एक मठवासी साधू यावरूनच रोमच्या चर्चशी भांडला आणि त्यातून त्यांचा पंथ निघाला. देवाची क्षमा विकत मिळत नाही, पुण्य करून कमावता येत नाही. विश्वासाने नुसती घ्यायची.

"मग चांगलं वागायचं कशाला?" मी विचारलं.

"मी केक कशाला देते?"

परवा मी डबा रिकामाच दिला. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने झाकण उघडून आत पाहिलं आणि म्हणाली, "थँक्यू."