चादरीचं दुसरं टोक

मोठी चादर एकट्या माणसाला घडी घालता येत नाही. म्हणजे येते, पण ती घडी नसते, बोळा असतो. दोन बायका समोरासमोर उभ्या राहतात, चार कोपरे चार हातांत. झटका देऊन चादर ताणायची, कोपऱ्याला कोपरा मिळवायचा आणि मग एकमेकींकडे चालत यायचं. हॉस्पिटलच्या लाँड्रीत मी तेरा वर्षं हे केलं, आणि तेराही वर्षं दुसऱ्या टोकाला एकच बाई होती. तिला सगळे टाचणीमावशी म्हणत.

कारण तिच्या ओठांत कायम दोन टाचण्या. दहा चादरींचा गठ्ठा झाला की त्याला वॉर्डाच्या नंबराची कापडी पट्टी टाचायची, हे तिचं काम. सुट्टी व्हायच्या वेळेला उरलेल्या पट्ट्यांचा डबा वरच्या मजल्यावर साहेबांच्या ऑफिसात नेऊन ठेवायचा, हेही तिचंच. टाचणी लागायची दहा चादरींतून एकदा, पण ही दिवसभर ओठांत धरून असायची.

मला लाँड्रीतल्या बायकांनी नाव ठेवलं होतं भोंगा. शाळा चौथीपर्यंत. कायद्याची पुस्तकं रद्दीच्या दुकानातून आणून वाचली, युनियन उभी केली. तीन सुपरवायझर माझ्या तोंडाला कंटाळून बदली मागून गेले, ह्याचा मला आजही अभिमान आहे.

"मावशी, एक दिवस गिळशील टाचणी," मी म्हणायची.

ती आधी टाचण्या काढून हातात घ्यायची, मगच बोलायची. "गिळली तर माझ्याच पोटात जाईल. शब्द दुसऱ्याच्या पोटात जातो."

तिच्या लॉकरच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला होता. कुठल्याशा स्तोत्रातली मागणी, तिच्या अक्षरात: देवानं आपल्या तोंडावर पहारा बसवावा, ओठांचं दार राखावं. मी थट्टा केली, "देवाला वॉचमन केलंस का गं?"

"दुसरा कोण एवढा वेळ उभा राहणार?" ती म्हणाली.

ह्यामागची गोष्ट तिनं एकदाच सांगितली. तिच्या धाकट्या बहिणीला बघायला पाहुणे आले होते. बोलता बोलता ही म्हणून गेली, हिला लहानपणी तापात झटके यायचे. एवढंच. पाहुणे चहा पिऊन गेले ते गेलेच. पुढे जिथे जिथे ठरायला आलं, तिथे हे वाक्य आधी पोचलेलं असायचं. बहीण मरेपर्यंत हिच्याशी बोलली नाही.

"पण खरंच होतं ना ते?"

"तेच तर. खोटं असतं तर खोटं होतं म्हणून दारोदार सांगत फिरले असते." मग म्हणाली, "बायबलात जिभेला विस्तव म्हटलंय. एवढीशी ठिणगी, सगळं रान जातं. आणि मी ते वाचलेलं होतं गं. पाहुणे यायच्या आधीच वाचलेलं होतं."

मी तेव्हा मान हलवली आणि विसरले. मला वाटलं, भित्र्या माणसाला काहीतरी कारण लागतंच.

अकराव्या वर्षी इस्त्रीच्या मोठ्या रोलरमध्ये आमच्यातल्या एका बाईची दोन बोटं गेली. रोलरपुढे जाळी नव्हती. आम्ही जाळी मागितली, साहेब म्हणाले बघू. मग मी ठरवलं, सोमवारी सकाळी दहाला, वॉर्डांतल्या चादरी बदलायच्या वेळेला, सगळ्यांनी एकदम हात काढून घ्यायचे. हे मी शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत, मागच्या नळापाशी, बायकांना गोळा करून सांगितलं. अगदी हळू आवाजात. मावशी समोरच उभी होती. मी बोलत असताना तिनं दोनदा ओठांवर बोट ठेवलं आणि वर बघितलं. मला राग आला. म्हटलं, ही आता देवाचं नाव घेऊन मला गप्प करणार. "तुला भीती वाटत असेल तर येऊ नकोस," मी तिला तोंडावर म्हणाले आणि पुढे बोलत राहिले.

सोमवारी दहाला आम्ही हात काढले. कुणाचं काही अडलं नाही. साहेबांनी रविवारीच सगळ्या चादरी बाहेरच्या लाँड्रीतून धुऊन आणून ठेवल्या होत्या. बायका एकमेकींची तोंडं बघत उभ्या. मला वाटलं, भर बाजारात कुणी माझ्या कानाखाली वाजवली.

दुपारी गेटवर मी युनियनचा कर्णा तोंडाला लावला. काय बोलले ते शब्द न् शब्द आठवतं, कारण बोलताना मला ते आवडत होतं. "अकरा वर्षं माझ्यासमोर चादर धरून उभी असलेली बाई," मी म्हणाले, "इथे तोंडात टाचण्या धरून गप्प, आणि वरच्या मजल्यावर गेली की तोंड उघडतं. शुक्रवारी संध्याकाळी वर कोण गेलं होतं, विचारा तिला."

शुक्रवारी संध्याकाळी ती डबा ठेवायला गेली होती. रोजच जायची. मी अकरा वर्षं रोज बघत होते.

तिनं ओठांतल्या टाचण्या काढल्या. सगळ्या वाट बघत होत्या. ती म्हणाली, "मी नाही सांगितलं." कर्ण्यापुढे तो आवाज कितीसा असणार.

दुसऱ्या दिवसापासून तिच्या चादरीचं दुसरं टोक कुणी धरेना. मी दुसरीकडे उभी राहिले, बाकीच्यांनी माझं बघितलं. कुणी तिला शिवी दिली नाही, कुणी ढकललं नाही, नुसतं टोक धरलं नाही. ती हनुवटीखाली चादरीची कड दाबायची, हात पसरायची, गुडघ्यानं खालची बाजू उचलायची. तरी चादर जमिनीला लागायचीच. जमिनीला लागली की पुन्हा धुवायला. सुपरवायझर तिच्या नावापुढे फुल्या मारत गेला. निवृत्तीला दोन वर्षं होती तिची.

सहा आठवड्यांनी साहेबांनी जाळीच्या बोलणीला मला वर बोलावलं. खिडकीशी उभे राहून ते हसत म्हणाले, "बाई, पुढच्या वेळी गुप्त बैठक नळापाशी नका घेऊ. मी इथेच चहा पीत होतो. सोमवार, दहा, वॉर्ड, सगळं ऐकलं."

"मी तर कुजबुजत होते," मी म्हणाले.

"ती कुजबुज?" साहेब म्हणाले. "खालचा ड्रायव्हर गाडीतून उतरून ऐकत होता."

रोलरच्या धडधडाटात वर्षानुवर्षं काम केलेल्या बाईचा कान असा होतो. मशीन बंद पडलं तरी कानात चालूच असतं, आणि आपला हळू आवाज किती मोठा आहे ते आपल्यालाच कळत नाही. मावशी वर बघत होती, कारण वर खिडकी उघडी होती.

त्याच दिवशी मी तिच्या खोलीवर गेले. ती गव्हातले खडे निवडत होती. मी सगळं सांगितलं, पायाला हातही लावायला गेले. तिनं पाय मागे घेतले.

"मला कशाला सांगतेस? मी नाही केलं ते मला माहीतच आहे."

"गेटवर सांगते. उद्याच."

"सांग," ती म्हणाली आणि पुन्हा ताटात बघायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी सांगितलं नाही. म्हटलं, जाळीच्या कागदावर सही होऊ दे, आत्ता बोलले तर बायकांचा माझ्यावरचा विश्वास उडेल, साहेब फायदा घेतील. हे सगळं खरं होतं. खऱ्या कारणांची मला कधी टंचाई पडली नाही. रोज सकाळी ती माझ्याकडे एकदा बघायची, मग हनुवटीखाली चादर दाबायची. दहाव्या दिवशी ती आली नाही. लॉकर रिकामा होता, दारावरचा कागद खरवडून काढलेला.

तेव्हा मी कर्णा घेतला. बातमी वर कशी गेली ते सांगितलं, मावशीचा काही दोष नाही, दोष माझ्या तोंडाचा, असंही सांगितलं. बोटं गेलेली ती बाई पुढे आली.

"तुला कधी कळलं हे?"

"काल" असं म्हणाले असते तर चाललं असतं. शब्द अगदी ओठांवर होता. मी कर्णा खाली केला आणि म्हणाले, "दहा दिवस झाले."

ती वळून चालू लागली. पाचसहाजणी तिच्या मागे निघाल्या, मग बाकीच्या. मावशीच्या खोलीवर गेल्या. मला कुणी चल म्हटलं नाही.

मावशी सोमवारी कामाला आली. दुसरं टोक धरायला तिघी धावल्या. मी महिनाभर थांबले आणि एक दिवस, जागा मोकळी दिसली तशी, जाऊन उभी राहिले. तिनं माझ्याकडे बघितलं, दोन कोपरे माझ्या हातांत दिले. आम्ही चादर ताणली, कोपऱ्याला कोपरा मिळवला, एकमेकींकडे चालत आलो. घडी सरळ आली, पहिल्यासारखीच.

निवृत्तीपर्यंत पुढची दोन वर्षं आम्ही अशाच घड्या घातल्या. टाचण्या ओठांत धरायचं तिनं सोडलं होतं, पोलक्याच्या बाहीला लावायची. तोंड मोकळं होतं. सगळ्यांशी बोलायची, हसायचीही. माझ्याशी कामापुरतं बोलायची: धर, सोड, पुढचा गठ्ठा दे. ती आधीही माझ्याशी फार बोलत नव्हती, पण तेव्हा मध्ये टाचण्या होत्या.